जडवादाची फिर्याद आणि विज्ञानाची हद्द

सन १९१५ च्या जूनमध्ये लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' प्रसिद्ध झाले, तेव्हा यवतमाळ हे जिल्ह्याचे नाव या नात्याने सरकारी दप्तरात तसे नवेच होते. दहा वर्षांपूर्वी वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार करण्यात आले, त्या फेरमांडणीत जुन्या वणी जिल्ह्याचे नाव जाऊन त्या जागी यवतमाळचे नाव आले होते. ज्या वणीचे नाव असे मागे पडले तेथेच १८८० साली जन्मलेले माधव श्रीहरी अणे त्या काळी यवतमाळला वकिली करीत असत, आणि टिळकांचे निष्ठावंत अनुयायी म्हणून वऱ्हाडात त्यांचे नाव होऊ लागले होते. १९१८ साली अण्यांनी यवतमाळहून काढलेल्या साप्ताहिकाचे 'लोकमत' हे नाव टिळकांनी दिलेले. १९३० च्या जुलैत पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून कायदेभंग करणारे लोकनायक अणे तेच. आणि टिळकांचे चरित्र संस्कृत पद्यात बांधणारा 'श्रीतिलकयशोऽर्णव' हा ग्रंथ रचणारेही तेच. राजकारणातील या गुरुशिष्यसंबंधाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या 'गीतारहस्या'वर त्या पिढीच्या सुशिक्षित वऱ्हाडी मनाचे पोषण झाले त्याच्या एका अंगाकडे सहसा कोणी वळत नाही: कर्मयोगाचे प्रतिपादन करणारा हा ग्रंथ जडवादाशी दिलेला एक प्रदीर्घ सामनाही आहे.

जडवादाचे म्हणणे थोडक्यात असे की, जगात जे काही आहे ते सर्व द्रव्य आणि त्या द्रव्याचे व्यापार एवढेच आहे. जीव, मन व बुद्धी ही द्रव्याच्या विशिष्ट रचनेची कार्ये होत, ती रचना मोडली की कार्यही संपते, आणि म्हणून देहाहून निराळा आत्मा किंवा सृष्टीहून निराळा ईश्वर मानण्याचे काही कारण उरत नाही. यावर प्रतिपक्षाचे ठरलेले उत्तर असे की, विज्ञानाला मर्यादा आहेत, आणि जेथे विज्ञान थांबते तेथून अध्यात्माचा मुलूख सुरू होतो. वादी व प्रतिवादी हातघाईवर आले असता एक गोष्ट मात्र दोघेही विनातक्रार कबूल करतात, ती ही की, जडवाद आणि विज्ञान हे एकाच पक्षाचे असून एकाचा जय तो दुसऱ्याचा जय आणि एकाची मर्यादा ती दुसऱ्याची मर्यादा. माझ्या मते खरी चौकशी व्हावयास हवी ती या कबुलीचीच.

टिळकांनी हा ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिला, तेव्हा युरोपात या प्रश्नावर रण माजून चुकले होते. बर्लिनचे शरीरशास्त्रज्ञ एमिल द्यु ब्वा-रेमाँ यांनी १८७२ साली जर्मन शास्त्रज्ञांच्या सभेत जाहीर केले होते की, द्रव्याचे अंतिम स्वरूप काय आणि द्रव्यातून संवेदना कशी उत्पन्न होते, हे आपणास आज कळत नाही इतकेच नव्हे, तर ते कधीही कळणार नाही. पुढे त्यांनी अशा सात कोड्यांची यादीच दिली. येना येथील प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांना ही शरणागती मानवली नाही, आणि १८९९ साली त्यांनी विश्वाच्या कोड्यांवर एक ग्रंथ लिहून ती कोडी सुटली तरी आहेत किंवा मुळात कोडीच नाहीत असा पवित्रा घेतला. हेकेलचे हे मत टिळकांनी सांख्यांच्या प्रकृतिविचाराशेजारी ठेवून तपासले आहे. आणि येथे सांगितले पाहिजे की, प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पुरतेपणी मांडून मग त्याचे खंडन करण्याची जी शास्त्रकारांची जुनी रीत, ती टिळकांनी इतक्या सचोटीने पाळली आहे की, त्यांच्यानंतर धर्माच्या कैवारासाठी लेखणी उचललेल्या अनेकांना ती शिकण्यासारखी आहे.

परंतु टिळकांचा खरा रोख हेकेलवर नाही, तो सुखवादी नीतिशास्त्रावर आहे. 'आधिभौतिक सुखवाद' या प्रकरणात त्यांनी अमेरिकेतील एका शहराची हकीकत दिली आहे. त्या शहरात ट्रामगाड्यांची लोकांना निकड होती, अधिकाऱ्यांकडून मंजुरी मिळण्यास विलंब होत होता, तेव्हा ट्रामच्या व्यवस्थापकाने लाच देऊन मंजुरी पदरात पाडून घेतली आणि गाड्या सुरू झाल्या. पुष्कळांचे पुष्कळ सुख हीच जर नीतीची कसोटी, तर या माणसाचा सत्कार व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात त्याच्यावर खटला होऊन तो दोषी ठरला. टिळकांचा निष्कर्ष असा की, बाह्य परिणामांचे कितीही सूक्ष्म मोजमाप केले तरी कर्त्याच्या बुद्धीचा विचार केल्यावाचून नीतीचा निवाडा होत नाही. हे मला पटते. यावरून आत्मा नित्य आहे असे मात्र निघत नाही, आणि तेथे टिळकांनी घेतलेली उडी मला घेता येत नाही. कर्त्याच्या बुद्धीचा विचार एखादा नास्तिक न्यायाधीशही रोजच्या सुनावणीत करीतच असतो.

आता आपल्या घरच्या जडवादाकडे वळू. चार्वाक म्हटला की कर्ज काढून तूप पिण्याचा तो प्रसिद्ध उपदेश लोकांना आठवतो, आणि चार्वाकाची चर्चा तेथेच आटोपते. (कर्ज काढून तूप पिणारा कोणी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आढळल्याचे ऐकिवात नाही; कर्ज काढून सरकी लावणारे मात्र गावोगाव आहेत, आणि त्यांच्यावर भोगवादाचा आरोप अद्याप कोणी केलेला नाही.) वस्तुतः चार्वाकाचा मर्मभेदी विचार तुपात नसून प्रमाणांत आहे. माधवाचार्यांनी चौदाव्या शतकात 'सर्वदर्शनसंग्रहा'त चार्वाकाचा जो पूर्वपक्ष मांडला त्यात प्रत्यक्ष हे एकच प्रमाण मानून अनुमानाला साफ नकार दिलेला आहे. जेथे धूर तेथे अग्नी, असे आपण म्हणतो. पण सर्व देशांतील आणि सर्व काळांतील धूर पाहिला आहे कोणी? न पाहिलेल्या धुराविषयीचा भरवसा अनुमानाने येतो म्हणावे, तर ते अनुमान पुन्हा तशाच भरवशावर उभे. आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या जयराशी भट्टाने 'तत्त्वोपप्लवसिंह' या ग्रंथात याहीपुढे जाऊन प्रत्यक्षालाही पिंजऱ्यात उभे केले आणि कोणतेच प्रमाण निर्दोष ठरत नाही असा निकाल दिला. पाटणच्या ग्रंथभांडारात सापडलेली या ग्रंथाची पोथी १९४० साली बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेतून छापली गेली, तोवर या माणसाचे नावही फारसे कोणास ठाऊक नव्हते.

यातून निघणारी गोष्ट विलक्षण आहे. विज्ञान हे आरपार अनुमानावर उभे आहे. दहा ठिकाणी पाहिलेल्यावरून अकराव्या ठिकाणचे भाकीत करणे हाच त्याचा धंदा. म्हणजे विज्ञानाच्या मर्यादेचा पहिला कठोर उच्चार आपल्याकडे कोणा वेदान्त्याने केला नसून जडवाद्याने केला आहे, आणि तोही हजार-बाराशे वर्षांपूर्वी. युरोपात डेव्हिड ह्यूमने तीच शंका १७३९ साली काढली. पुरंदर नावाच्या एका जुन्या चार्वाकाने तडजोड सुचविली होती, ती अशी की, लौकिक व्यवहारात अनुमान मानावे. परलोकासारख्या ज्या विषयात पडताळा कधीच घेता येत नाही तेथे मानू नये. आजच्या कोणत्याही प्रयोगशाळेच्या दारावर लावावी अशी ही तडजोड आहे. पण तिच्यातून जगात द्रव्याखेरीज काहीच नाही, असा सिद्धान्त निघत नाही. निघते ते इतकेच की, द्रव्याखेरीज काही असलेच, तर त्याच्याबद्दल पुराव्यानिशी बोलण्याचे साधन आपल्यापाशी नाही. जडवाद हा विश्वाच्या स्वरूपाविषयीचा दावा आहे आणि विज्ञान ही चौकशीची पद्धत आहे. पद्धतीचा मान दाव्याला फुकट मिळू नये.

विज्ञानाची हद्द सामान्यतः चुकीच्या जागी कशी आखली जाते, हे पाहावयाचे असेल तर यवतमाळहून नागपूरच्या वाटेवर असलेल्या कळंबला जावे. तेथील चिंतामणी गणपतीचे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून गाभाऱ्याशी जावे लागते, मूर्ती दक्षिणाभिमुख आहे आणि देवळात एक कुंड आहे. गौतमाच्या शापातून मुक्त होण्यासाठी इंद्राने येथे तपश्चर्या केली, अंकुशाने भूमी विदारली जाऊन हे कुंड निर्माण झाले आणि दर बारा वर्षांनी गंगेने येथे येऊन चिंतामणीचे पाय धुवावेत असे ठरले, अशी कथा सांगतात. काही वर्षांच्या अंतराने कुंडातील पाणी खरोखरच चढत चढत मूर्तीच्या पायांपर्यंत येते, आणि मग चारी बाजूंच्या तालुक्यांतून दर्शनाला रीघ लागते.

भूजलशास्त्रज्ञाला याचे कोडे पडत नाही. वणीच्या बाजूचा कोळशाचा पट्टा सोडला तर या जिल्ह्याचा बहुतेक भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी व्यापलेला आहे. हा काळा पाषाण अंगचा कठीण. पाणी साठते ते त्याच्या झिजलेल्या माथ्यात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. अशा खडकात साठवणीला जागा थोडी, त्यामुळे लागोपाठ चांगले पावसाळे झाले की पातळी झपाट्याने वर येते आणि अवर्षणात तितक्याच झपाट्याने उतरते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक महिन्यांत मोजून हाच चढउतार नोंदवीत असते. जमिनीखाली बांधलेल्या देवळातील कुंड ही त्या दृष्टीने एक विहीरच आहे, आणि तिच्यातले पाणी पंचांग पाहून येत नसून पावसाचा हिशेब पाहून येते.

हे सांगितले की श्रद्धावान मनुष्य म्हणतो, "पण मग बरोबर चिंतामणीच्या पायांशीच का थांबते?" आणि येथे विज्ञानाची मर्यादा आली असे मानून समाधान पावतो. मला हा मार्ग श्रद्धेच्या दृष्टीनेही धोक्याचा वाटतो. ज्या जागी आज उत्तर नाही त्या जागी देवाला बसविले, तर उद्या उत्तर सापडताच देवाला तेथून उठावे लागते, आणि गेली तीनशे वर्षे देवाला अशी किती वेळा जागा बदलावी लागली आहे याचा हिशेब त्याच्या भक्तांनीच ठेवावा. उलट, पातळीचा आलेख भक्तापुढे नाचवून त्याची यात्रा खोटी ठरविणारा उत्साही सुधारकही एक गोष्ट विसरतो. पाण्यात पाय बुडवून उभी असलेली म्हातारी भूजलाविषयी काही विधान करीत आहे की नाही, हेच आधी ठरलेले नाही. ती दुष्काळातून वाचल्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करीत असेल, तर कृतज्ञता खरी किंवा खोटी असू शकेल, पण ती विहिरीच्या पातळीने खोटी ठरणार नाही. मात्र तेच पाणी बाटलीत भरून कोणी मधुमेहावर विकू लागला, की त्याने विधान केले, आणि मग त्याने पुरावा दिलाच पाहिजे.

२०१७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस याच जिल्ह्यात जे घडले त्यात हा प्रश्न अधिक क्रूर रूपाने पुढे आला. त्या वर्षी पऱ्हाटी पुष्कळ ठिकाणी माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती, बोंडअळी आणि इतर किडींमुळे फवारण्या वाढल्या होत्या, आणि डोक्याच्या उंचीवर मारलेला फवारा दमट हवेत मजुराच्याच तोंडावर, छातीवर उतरत होता. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही तेव्हा घरोघरी ऐकू येऊ लागलेली नावे. या सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषांचे कार्य रसायनशास्त्राला फार बारकाईने ठाऊक आहे. मज्जातंतूकडून स्नायूकडे निरोप पोहोचविणारे ॲसिटिलकोलीन नावाचे एक द्रव्य शरीरात असते, निरोप पोहोचताच ते मोडून टाकणारे एक विकर असते, आणि हे विष त्या विकरालाच जखडून टाकते. मग निरोप थांबतच नाही: घाम, लाळ, अश्रू वाहू लागतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, दृष्टी धूसर होते, आणि शेवटी श्वासाचे स्नायू निकामी होतात. ॲट्रोपिन हा त्यावरचा उतारा.

या कारणमालिकेत एकही दुवा गहाळ नाही. जडवाद्याने अभिमानाने दाखवावे असे हे ज्ञान आहे, आणि ज्यांनी या मृत्यूंना नशिबाचा खेळ म्हटले त्यांच्यापेक्षा त्या विकराचा शोध लावणाऱ्यांनी मजुरावर अधिक उपकार केले, याविषयी मला शंका नाही. पण मालिका पुरी झाल्यावरही गावात जो प्रश्न विचारला गेला, तो विकराविषयी नव्हताच. दोष कोणाचा? विष विकणाऱ्याचा, दोन-तीन औषधे एकत्र कालविण्याचा सल्ला देणाऱ्याचा, मंजुरी देणाऱ्या खात्याचा, हातमोज्यांवाचून पंप पाठीवर देणाऱ्या मालकाचा, की बोंडअळीला बीटी बियाणे पुरून उरेल असे गृहीत धरून चालणाऱ्या सर्वांचाच? सरकारने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदीही घातली. विज्ञान अशा चौकशीत साक्षीदार म्हणून येते, आणि त्याच्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही. निकाल मात्र साक्षीदार देत नसतो. विज्ञानाची हद्द असलीच तर ती येथे आहे, कळंबच्या कुंडाशी नाही. आणि या हद्दीपलीकडे अध्यात्माची सनद आपोआप चालू होते असेही नव्हे, कारण 'दोष कोणाचा' या प्रश्नावर पूर्वजन्मीच्या कर्माकडे बोट दाखविणे म्हणजे उत्तर देणे नसून दप्तर बंद करणे होय.

जडवाद्यांना हे कळत नव्हते असे समजण्याचे कारण नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत वेदान्त व न्याय शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी नागपूर विद्यापीठात दिलेली व्याख्याने 'हिंदुधर्माची समीक्षा' म्हणून १९४० च्या सुमारास प्रसिद्ध झाली, आणि त्याच काळात त्यांचा 'जडवाद' हा ग्रंथही आला. यवतमाळ तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात असल्याने नागपूरचे विद्यापीठ हेच आमचेही विद्यापीठ. ज्याने परंपरा कोळून प्यालेली आहे अशा शास्त्र्यानेच अनीश्वरवाद मांडावा, यातला धक्का आज आपणास नीटसा उमजणार नाही. तर्कतीर्थ ज्यांच्याकडे आकृष्ट झाले होते त्या मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९४६ साली मांडलेल्या नवमानवतावादाच्या सूत्रांत नीतीला जडसृष्टीतच आधार शोधण्याचा प्रयत्न आहे: सृष्टी नियमबद्ध आहे, म्हणून तिच्यातून उत्क्रांत झालेला मनुष्य विवेकी आहे, आणि विवेकी आहे म्हणून नीतिमान होऊ शकतो. प्रयत्न प्रामाणिक आहे, पण नियमबद्धतेतून विवेक आणि विवेकातून नीती या दोन्ही पायऱ्या मला ढिल्या वाटतात. कीटकनाशकाचे रेणूही नियमबद्धच वागतात.

या बाबतीत अधिक काटेकोर भूमिका मला आमच्या शेजारच्या अमरावतीला विदर्भ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या दि. य. देशपांडे यांची वाटते. आगरकरांच्या 'सुधारका'चे नाव पुढे चालवीत १९९० साली त्यांनी नागपूरहून 'आजचा सुधारक' हे मासिक काढले, आणि विवेकवादाचे प्रतिपादन करताना पुराव्याच्या प्रमाणातच विश्वास ठेवावा हे जसे बजावले, तसेच वस्तुस्थिती आणि मूल्य यांतील भेदही पुनःपुन्हा स्पष्ट केला. म्हणजे जो कट्टर निरीश्वरवादी, तोच सांगत होता की, काय आहे याच्या ज्ञानातून काय असावे हे निष्पन्न होत नाही. दुसऱ्या बाजूला 'नवभारता'चे संपादक मे. पुं. रेगे हे पाश्चात्त्य तर्कशास्त्रात तितकेच मुरलेले असूनही धार्मिक जीवनाला विवेकाच्या दरबारात मानाचे स्थान असावे असे मानीत. असे दोन प्रतिपक्षी एकाच काळी मराठीत लिहीत होते. आज दूरचित्रवाणीवर एका बाजूला भगवी वस्त्रे आणि दुसऱ्या बाजूला एखादा चिडलेला कार्यकर्ता बसवून जी चर्चा म्हणून खपविली जाते, ती पाहिली की त्या मासिकांच्या जुन्या फायली काढून बसावेसे वाटते.

उरता उरतो तो संवेदनेचा प्रश्न, द्यु ब्वा-रेमाँच्या यादीतला. त्या यादीतील इतर काही कोड्यांचे स्वरूप गेल्या शंभर वर्षांत पालटले. जीवाच्या उत्पत्तीचा प्रश्न आज रसायनशास्त्राच्या टेबलावर आलेला आहे. संवेदनेचे तसे झालेले नाही. विषबाधा झालेला मजूर दवाखान्यात येतो तेव्हा डॉक्टर बॅटरी लावून बाहुली पाहतो, रक्तातील विकराची पातळी तपासावयास पाठवितो, आणि तरीही वाकून विचारतो, "कसं वाटतं? दिसतं का नीट?" बाहुली किती आकुंचली आहे हे बाहेरून मोजता येते, डोळ्यांपुढे पसरलेला तो धुरकट पडदा आतून कसा दिसतो याची जबानी मात्र त्या मजुराखेरीज दुसऱ्या कोणास देता येत नाही. एवढ्यावरून देहात कोणी स्वतंत्र आत्मा बसलेला आहे असे म्हणावयास अध्यात्मवादी धावतील, तर त्यांनी पुढचा भाग पाहावा: शिरेतून काही मिलिग्रॅम ॲट्रोपिन गेले की बाहुल्या रुंदावतात, छातीतली घरघर कमी होते, आणि थोड्या वेळाने त्या मजुराची जबानीही बदलते. द्रव्य बदलले की अनुभव बदलतो, इतके जडवाद्याने सिद्ध केले आहे. द्रव्याला मुळात अनुभव का असावा, हे त्याने अद्याप सांगितलेले नाही. आणि आत्मा मानल्याने ते अधिक चांगले कसे कळते, हे त्याच्या प्रतिपक्षानेही सांगितलेले नाही.